हीप न वापरता ग्राफ: मायक्रोकंट्रोलरच्या ठरलेल्या मेमरीत नोड आणि एज कसे बसवायचे

ग्राफ बहुतेकांनी कॉलेजात शिकलेला असतो. नोड म्हणजे बिंदू, एज म्हणजे दोन नोडना जोडणारी रेघ, आणि ग्राफवर फिरायच्या बीएफएस, डीएफएस, डायक्स्ट्रा या पद्धती, सगळं माहीत असतं. पण ते शिकवताना एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मेमरी मागितली की मिळते. नवीन नोड हवा, मॅलॉक करा, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना हीप या मोकळ्या मेमरीच्या साठ्यातून तुकडा मागा. एज हवी, परत मॅलॉक करा. मायक्रोकंट्रोलरवर आलात की हे गृहीतक संपतं. अर्डुइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी मध्ये रॅम आहे फक्त २०४८ बाइट. एटीटायनी८५ मध्ये ५१२ बाइट. एसटीएम३२एफ१०३सी८ मध्ये २० केबी, आरपी२०४० मध्ये २६४ केबी. शेवटचा आकडा मोठा वाटतो, पण त्यातच डिस्प्लेचा बफर, नेटवर्कचे बफर आणि प्रत्येक टास्कचा स्टॅक बसवायचा असतो, त्यामुळे तिथेही हिशोब सुटत नाही.

आणि प्रश्न फक्त मेमरी कमी असण्याचा नाहीये. मॅलॉक आणि फ्री (तुकडा परत देणं) आलटून पालटून बरेच तास चालले की हीपचे तुकडे तुकडे होतात, एकूण ३०० बाइट मोकळे असतात पण सलग ४० मिळत नाहीत, आणि हे टेबलावर टेस्ट करताना दिसत नाही, डिव्हाइस महिनाभर चालू राहिल्यावर दिसतं. म्हणूनच मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी कोडच्या नियमावलीत डायनॅमिक मेमरीला मनाई आहे आणि रिकर्शनलाही (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं). नासाच्या जेपीएल मधल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सेफ्टी-क्रिटिकल कोडसाठी जे दहा नियम मांडले त्यातही हेच आहे: सुरुवातीच्या सेटअपनंतर मेमरी मागायची नाही, रिकर्शन करायचं नाही, आणि प्रत्येक लूपला वरची मर्यादा पाहिजे. हे तीन नियम डोक्यात ठेवा, कारण खालचं जवळपास सगळं त्यांच्यातूनच निघतं.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरू. गोदामात फिरणारी एक छोटी ट्रॉली आहे, तिच्या नकाशात ४० ठिकाणं आहेत आणि त्यांना जोडणारे ६० दुतर्फा रस्ते. प्रत्येक रस्त्याला लांबी आहे, ती एका बाइटमध्ये मावते म्हणजे ० ते २५५. ट्रॉलीला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचाय, आणि मधेच एखादा रस्ता बंद झाला तर दुसरा.

पायरी १: कोड उघडण्याआधी मर्यादा कागदावर लिहा

नवीन लोक इथेच घाई करतात. आधी स्ट्रक्चर लिहायला घेतात आणि मग अ‍ॅरेचा आकार काय द्यायचा म्हणून अंदाजे १०० टाकतात. उलटं करा. चार प्रश्नांची उत्तरं आधी लिहून काढा: जास्तीत जास्त नोड किती, जास्तीत जास्त एज किती, वेट (एजचा आकडा, आपल्याकडे रस्त्याची लांबी) किती मोठं असू शकतं, आणि चालू असताना ग्राफमधलं नेमकं काय बदलतं.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. आपल्या ट्रॉलीचं बघा. ठिकाणं बदलत नाहीत, रस्ते बदलत नाहीत, लांबी बदलत नाही. बदलतं काय, तर रस्ता चालू की बंद, एवढंच. म्हणजे ६० रस्त्यांसाठी ६० बिट, ८ बाइट रॅम. बाकी सगळा नकाशा फ्लॅशमध्ये (प्रोग्रॅम असतो ती मेमरी) राहू शकतो आणि तिथे एटीमेगा३२८पी कडे ३२ केबी आहे. याउलट रेडिओ मेशमध्ये, म्हणजे एकमेकांमार्फत निरोप पाठवणाऱ्या डिव्हाइसच्या जाळ्यात, शेजारी येतात जातात, लिंकची क्वालिटी बदलते, तिथे एज रॅममध्येच लागणार. म्हणजे दोन्ही ग्राफच, पण मेमरीची गोष्ट पूर्ण वेगळी.

ही उत्तरं मिळाली की ती कोडमध्ये नावाच्या कॉन्स्टंट म्हणून टाका, नोडची कमाल संख्या, एजची कमाल संख्या, आणि त्यांच्यावर कंपाइल होतानाच तपासणारी स्टॅटिक असर्ट लावा. उद्या कोणीतरी ४० चे ३०० केले तर कंपाइलरनेच अडवलं पाहिजे, बोर्ड गपचूप भलतंच वागायला लागलं असं नको.

पायरी २: पॉइंटर सोडा, इंडेक्स वापरा

पुस्तकातल्या लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक एज म्हणजे मॅलॉकने मिळालेला तुकडा. एव्हीआरवर (एटीमेगा, एटीटायनी ज्या कुटुंबातले ते) पॉइंटर २ बाइटचा असतो, म्हणजे पुढच्या नोडचा पॉइंटर २, पुढच्या एजचा पॉइंटर २, वेट १, आणि एव्हीआरच्या लायब्ररीतला मॅलॉक प्रत्येक तुकड्यामागे स्वतःचे २ बाइट ठेवतो. झाले ७. दुतर्फा रस्ता दोनदा ठेवावा लागतो म्हणून ६० चे १२० एज, गुणिले ७, ८४० बाइट. २०४८ पैकी ८४०! आणि ३२ बिट कॉर्टेक्स-एम वर (एसटीएम३२, आरपी२०४० मधला एआरएम प्रोसेसर) पॉइंटर ४ बाइटचे, अलाइनमेंट धरून एक एज १२ बाइटची, वर अलोकेटरचा खर्च वेगळा.

त्याऐवजी सगळे नोड ० पासून क्रमांकाने ओळखा आणि तो क्रमांक एका बाइटमध्ये ठेवा. "काहीच नाही" दाखवायला २५५ राखून ठेवा, म्हणजे ० ते २५४ असे २५५ नोड वापरता येतात. हाच इंडेक्स एजलाही. पॉइंटर गेले, २ किंवा ४ बाइटच्या जागी १ बाइट आला, शिवाय पूर्ण ग्राफ एका ठिकाणाहून दुसरीकडे जसाच्या तसा कॉपी करता येतो, ईईप्रॉममध्ये लिहिता येतो, सिरियलवर पाठवता येतो, कारण आत कुठेच पत्ता नाहीये.

एक सापळा मात्र आहे. मायक्रोमाउस या छोट्या रोबोंच्या स्पर्धेची क्लासिक मेझ (चक्रव्यूह) १६ गुणिले १६ असते, म्हणजे बरोबर २५६ चौकोन, ० ते २५५ सगळे आकडे वापरले गेले, आता "काहीच नाही" साठी आकडाच उरला नाही. तिथे वेगळी बिट अ‍ॅरे ठेवून कोणता चौकोन बघून झाला ते लक्षात ठेवतात. तसं मेझमध्ये एज साठवायचीच गरज नसते, चौकोनाच्या क्रमांकावरून शेजारी काढता येतो, वर १६ मिळवा, खाली १६ वजा करा, फक्त कडेच्या चौकोनांची काळजी घ्या. भिंती तेवढ्या साठवायच्या, आणि भिंत दोन चौकोनांची सामायिक असल्यामुळे प्रत्येक चौकोनाने फक्त उत्तरेची आणि पूर्वेची ठेवली तरी पुरतं, बाहेरची चौकट तर कायमचीच आहे. २ बिट गुणिले २५६, सगळी मेझ ६४ बाइटमध्ये. तुमचा ग्राफ असा जाळीसारखा असेल तर पुढची पायरी वाचायचीही गरज नाही.

पायरी ३: ग्राफ ठेवायचा कसा

तीन पर्याय आहेत आणि तिन्हीचा हिशोब आपल्या ट्रॉलीवर करून बघू.

पहिला, मॅट्रिक्स. कोणता नोड कोणाला जोडलाय याचा चौकोनी तक्ता. प्रत्येक खान्याला एक बाइट दिला तर ४० गुणिले ४०, १६०० बाइट, म्हणजे ऊनोवर विषयच संपला. पण वेट नको असेल आणि फक्त जोडलंय की नाही एवढंच हवं असेल तर एक बिट पुरतो: एका ओळीला ४० बिट म्हणजे ५ बाइट, एकूण २०० बाइट. आणि ३२ नोडपर्यंतचा ग्राफ असेल तर प्रत्येक ओळ एका ३२ बिट आकड्यात मावते, पूर्ण ग्राफ १२८ बाइट, आणि "या नोडचे न बघितलेले शेजारी" हे एका अँड ऑपरेशनमध्ये मिळतं. छोट्या ग्राफसाठी मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, एज जोडणं-काढणं म्हणजे एक बिट चालू-बंद, फुल होण्याची भानगडच नाही, बग लपायला जागा नाही. लोक मॅट्रिक्सला बाळबोध समजून टाळतात, तसं करू नका.

दुसरा, सीएसआर, म्हणजे कम्प्रेस्ड स्पार्स रो. नाव मोठं आहे पण कल्पना साधी: सगळ्या नोडचे शेजारी एकाच लांब अ‍ॅरेत एकापुढे एक लिहायचे, आणि दुसऱ्या अ‍ॅरेत कोणाचे शेजारी कुठून सुरू होतात ते लिहायचं. समजा ४ नोड आहेत, रस्ते ०-१, ०-२, १-२, २-३. मग

शेजारी: १, २, ०, २, ०, १, ३, २
सुरुवात: ०, २, ४, ७, ८

नोड २ चे शेजारी हवेत? सुरुवातीचा अ‍ॅरे सांगतो ४ पासून ७ च्या आधीपर्यंत, म्हणजे ०, १, ३. शेवटचा ८ हा जादाचा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे शेवटच्या नोडसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. आपल्या ट्रॉलीसाठी: सुरुवात ४१ बाइट, शेजारी १२०, वेट १२०, एकूण २८१ बाइट, आणि सगळं फ्लॅशमध्ये. रॅम शून्य. तोटा एकच, मधे एज घुसवता येत नाही, सगळं सरकवावं लागतं. म्हणून न बदलणाऱ्या ग्राफसाठी हा पर्याय पहिल्या नंबरवर. हे तक्ते हाताने टाइप करू नका हं, पीसीवर पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहा, ती रस्त्यांची यादी वाचून हेडर फाइल बनवेल आणि नकाशा बदलला की परत चालवायची.

तिसरा, पूल. म्हणजे लिंक्ड लिस्टच, पण एका ठरलेल्या आकाराच्या अ‍ॅरेत. ज्या ग्राफमध्ये एज येतात जातात त्याला हाच. याच्यावर जरा थांबू कारण खरं काम इथे आहे.

पायरी ४: एजचा पूल

चार अ‍ॅरे लागतात. प्रत्येक नोडची पहिली एज कोणती, हा एक. मग प्रत्येक एजसाठी: ती कुठे जाते, तिचं वेट, आणि त्याच नोडची पुढची एज कोणती. सुरुवातीला सगळ्या नोडची पहिली एज २५५, म्हणजे कोणीच नाही. ट्रॉलीच्या आकड्यांत ४० अधिक १२० गुणिले ३, म्हणजे ४०० बाइट. मॅलॉकवाल्या ८४० च्या निम्म्याहून कमी, आणि नोडचा खर्च यात धरूनसुद्धा.

चार वेगळे अ‍ॅरे का, एक स्ट्रक्ट का नाही? कारण पॅडिंग. समजा वेट १६ बिटचं घेतलं आणि स्ट्रक्टमध्ये क्रम लावला एक बाइट, मग १६ बिटचं वेट, मग एक बाइट, तर एआरएमवर तो स्ट्रक्ट ४ नाही, ६ बाइटचा होतो. क्रम बदलून दोन्ही एक-बाइटवाले शेजारी ठेवले की परत ४. वेगळे अ‍ॅरे ठेवले तर हा प्रश्नच येत नाही.

मोकळ्या जागांचं काय? त्यासाठी वेगळी मेमरी लागतच नाही. वापरात नसलेल्या एजचा "पुढची एज" हा रकाना रिकामाच पडून असतो, त्यातूनच मोकळ्या जागांची साखळी बनवा. सुरुवातीला ० कडून १, १ कडून २, असं करत शेवटच्याला २५५. एज हवी की साखळीचं डोकं घ्या, एज काढली की ती डोक्याशी परत जोडा. दोन्ही कामं ठरलेल्या वेळेत होतात, साखळी कितीही लांब असो, आणि सगळे तुकडे एकाच मापाचे असल्यामुळे फ्रॅगमेंटेशन होऊच शकत नाही.

दुतर्फा रस्त्यांसाठी एक छान युक्ती आहे, ती नक्की वापरा. जाणारी आणि येणारी एज कायम जोडीने घ्या, ० आणि १, २ आणि ३, ४ आणि ५. मग कुठल्याही एजची जोडीदार काढायला तिच्या क्रमांकाचा १ शी एक्सऑर करायचा (शेवटचा बिट उलटतो), बास. एज कुठून निघते हे साठवलेलं नसतं, पण जोडीदार कुठे जाते ते वाचलं की कळतं. रस्त्याचा क्रमांक हवा तर एजच्या क्रमांकाला २ ने भागा, त्यामुळे बंद रस्त्यांची ८ बाइटची बिट अ‍ॅरे दोन्ही दिशांना आपोआप लागू होते, एक दिशा बंद केली आणि दुसरी विसरली असं होणारच नाही. मोकळी साखळीसुद्धा मग जोड्यांची ठेवा. एका बाइटच्या इंडेक्समध्ये, २५५ राखून, अशा १२७ जोड्या मावतात.

एज काढताना त्या नोडच्या यादीत तिच्या आधीची एज शोधावी लागते, मागे जायचा दुवा नाहीये. त्यासाठी डबल लिंक करायचा मोह होतो, १२० बाइट अजून. शक्यतो नका करू. आपल्याकडे सरासरी प्रत्येक ठिकाणाला ३ रस्ते आहेत, तीन पावलं चालायला काही वेळ लागत नाही.

पायरी ५: फिरण्यासाठी लागणारी मेमरी पण मोजा

ग्राफ बसला म्हणून खूश होऊ नका, कारण ग्राफ साठवणं हे अर्धंच काम, त्यावर बीएफएस किंवा डायक्स्ट्रा चालवायला जी जागा लागते ती वेगळी, आणि नेमकी तीच लोक मोजत नाहीत.

बीएफएस, म्हणजे आधी जवळचे सगळे नोड आणि मग लांबचे, सोपा आहे. नोड क्यूमध्ये टाकतानाच "बघितला" अशी खूण करा, बाहेर काढताना नाही. मग प्रत्येक नोड क्यूमध्ये जास्तीत जास्त एकदाच येतो, म्हणजे क्यू ४० चा पुरतो, सिद्ध झालेली मर्यादा, अंदाज नाही. शिवाय एकदाच येत असल्यामुळे सर्क्युलर क्यूचीही गरज नाही, सरळ अ‍ॅरे, दोन आकडे पुढे पुढे जातात. आणि "कोणाकडून आलो" हा अ‍ॅरे मार्ग काढायला लागतोच, तर त्यालाच खूण म्हणून वापरा: २५५ म्हणजे अजून पोचलो नाही, आणि सुरुवातीच्या नोडला तो स्वतःच स्वतःचा पालक. ४० अधिक ४०, ८० बाइटमध्ये पूर्ण बीएफएस.

डीएफएस, म्हणजे एका वाटेने शेवटपर्यंत जाऊन मग मागे येणं, यात जास्त लोक अडकतात. रिकर्शनने लिहिला तर प्रत्येक पातळीला स्टॅकवर रिटर्न अ‍ॅड्रेस, रजिस्टर, लोकल व्हेरिएबल असं सगळं चढतं, ४० नोड एका ओळीत असले तर ४० पातळ्या, आणि २ केबीत तो स्टॅक कधी खाली उतरून तुमच्या ग्लोबल व्हेरिएबलवर लिहायला लागतो ते कळतही नाही, कारण तिथे अडवणारं काही नसतं. मग लोक स्वतःचा स्टॅक बनवतात आणि सगळे शेजारी त्यात ढकलतात, पण खूण जर बाहेर काढताना करत असाल तर एकच नोड अनेकदा आत जातो आणि स्टॅक नोडच्या नाही तर एजच्या संख्येइतका वाढू शकतो. ४० चा अ‍ॅरे केला असेल तर तो फुटणार.

चांगला मार्ग असा: प्रत्येक नोडसाठी दोन बाइट ठेवा, पालक कोण, आणि आता कोणती एज बघायचीय. सध्याच्या नोडची पुढची एज बघा, समोरचा नोड नवीन असेल तर त्याचा पालक लिहून तिकडे जा, एज संपल्या तर पालकाकडे परत या, पालक स्वतःच असेल तर काम संपलं. वेगळा स्टॅक नाहीच, पालकांची साखळी हाच स्टॅक. ८० बाइट, खरा डीएफएस क्रम, आणि ओव्हरफ्लो व्हायला काही शिल्लकच नाही.

पायरी ६: डायक्स्ट्रा, हीपशिवाय

सगळ्यात जवळचा रस्ता काढतो तो डायक्स्ट्रा. इथे हीप म्हणजे मेमरीचा नाही, प्रायॉरिटी क्यूवाला हीप, सगळ्यात लहान आकडा पटकन देणारी रचना. डायक्स्ट्रांनी १९५९ मध्ये जो अल्गोरिदम छापला त्यात तो नव्हताच, आणि आपल्यालाही नकोय. प्रत्येक फेरीत सगळे नोड बघून सगळ्यात जवळचा न संपलेला नोड निवडा. ४० फेऱ्या, प्रत्येकी ४० तुलना, १६०० तुलना, १६ मेगाहर्ट्झवर हे काही मिलिसेकंदांचं काम. याउलट हीप वापरून जुन्या नोंदी तशाच ठेवायची सोपी पद्धत घेतली तर हीपमध्ये एजइतक्या नोंदी होऊ शकतात, १२० नोंदी, प्रत्येकी ३ बाइट, ३६० बाइट. इतक्या लहान ग्राफवर हे पैसे वसूल होत नाहीत. नोड काही शेकडो झाले तर विचार करा, आणि तेव्हाही असा हीप घ्या ज्यात प्रत्येक नोड एकदाच असतो.

लागणारी जागा: अंतर २ बाइट प्रमाणे ८०, पालक ४०, संपले की नाही याचे बिट ५, एकूण १२५ बाइट.

आता अनंताची गोष्ट. न पोचलेल्या नोडचं अंतर ६५५३५ ठेवतात. बंद रस्त्यांमुळे ग्राफ तुटला असेल तर "सगळ्यात जवळचा" म्हणून असाच नोड निवडला जातो, आणि ६५५३५ मध्ये ५ मिळवले की १६ बिटमध्ये उत्तर येतं ४. झालं, न पोचता येणारं ठिकाण सगळ्यात जवळचं झालं! यात जास्त त्रासदायक गोष्ट अशी की एव्हीआरवर इंट १६ बिटचा आहे म्हणून हे घडतं, पण पीसीवर किंवा एआरएमवर बेरीज आधी ३२ बिटमध्ये होते, तुलना बरोबर येते, आणि तुमची टेस्ट पास होते. म्हणून दोन गोष्टी करा. निवडलेल्या नोडचं अंतर अनंत असेल तर तिथेच थांबा. आणि कंपाइल होताना तपासा की नोडची कमाल संख्या गुणिले कमाल वेट हे ६५५३५ पेक्षा कमी आहे. आपल्याकडे ४० गुणिले २५५ म्हणजे १०२००, भरपूर अंतर आहे. या दोन ओळींनी ओव्हरफ्लोचा प्रश्न कायमचा मिटतो, प्रत्येक बेरजेवर वेगळी तपासणी लावायची गरज नाही.

जाता जाता, टोपोलॉजिकल सॉर्ट लागत असेल, म्हणजे कोणता सेन्सर कोणाच्या आधी चालू करायचा वगैरे, तर कानची १९६२ ची पद्धत वापरा, येणाऱ्या एजच्या संख्येचा अ‍ॅरे आणि एक क्यू, बास. पण अवलंबित्व आधीच माहीत असेल तर सॉर्ट बोर्डवर कशाला, पीसीवर करून तयार क्रमच फ्लॅशमध्ये टाका.

पायरी ७: कुठे गेलं ते बघा

एआरएमवर कॉन्स्ट लिहिलेला ग्लोबल तक्ता फ्लॅशमध्ये राहतो. एव्हीआरवर तसं नाही, तिथे प्रोग्रॅम आणि डेटा यांची मेमरी वेगळी असल्याने नुसत्या कॉन्स्टचा तक्ता सुरू होताना रॅममध्ये कॉपी होतो, त्याला प्रोगमेम लावावं लागतं आणि वाचताना पीजीएमच्या फंक्शनने वाचावं लागतं. हे विसरलात तर २८१ बाइट रॅम गेली आणि कुठे गेली ते कळणार नाही.

बिल्ड झाल्यावर साइझ कमांड चालवा आणि डेटा अधिक बीएसएस (सुरुवातीची किंमत असलेले आणि शून्याने सुरू होणारे ग्लोबल व्हेरिएबल) बघा, ती तुमची कायमची रॅम. लिंकरची मॅप फाइल उघडा, कोणता अ‍ॅरे किती घेतोय ते नावासकट दिसतं. यात स्टॅक दिसत नाही, म्हणून १२५ बाइटचा डायक्स्ट्राचा पसारा फंक्शनच्या आत लोकल म्हणून ठेवला तर तो या हिशोबातून गायब होतो. तो बाहेर काढा. मला पटलेली पद्धत म्हणजे कामाची जागा एका स्ट्रक्टमध्ये ठेवून ती बोलावणाऱ्यानेच द्यायची, मग बीएफएस आणि डायक्स्ट्रा एका वेळी चालत नसतील तर दोघांना युनियन करून एकच जागा देता येते. फंक्शनच्या आत स्टॅटिक करूनही चालतं, पण मग दोन टास्कनी एकदम बोलावलं की गोंधळ. जीसीसीमध्ये प्रत्येक फंक्शन किती स्टॅक खातं ते सांगणारा स्टॅक-युसेजचा फ्लॅग आहे, तो लावून ठेवा.

पायरी ८: इंटरप्टला ग्राफपासून लांब ठेवा

रेडिओचा इंटरप्ट आला, म्हणजे हार्डवेअरने मुख्य काम मधेच थांबवून हँडलर नावाचं फंक्शन चालवलं, शेजारी गेल्याचं कळलं, आणि हँडलरमध्येच एज काढली, नेमका त्याच वेळी मुख्य लूप त्याच एजवर उभा होता. ती एज मोकळ्या साखळीत गेली, लूप तिचा "पुढची" वाचून मोकळ्या साखळीत भटकायला लागला. व्हेरिएबलला व्होलाटाइल हा सी मधला शब्द लावून हे सुटत नाही. हँडलरने फक्त एका छोट्या रिंग बफरमध्ये "हा शेजारी गेला" एवढी नोंद टाकावी, आणि मुख्य लूपने दोन शोधांच्या मधे त्या नोंदी वाचून ग्राफ बदलावा. ग्राफ बदलणारी जागा पूर्ण कोडमध्ये एकच असली पाहिजे.

पायरी ९: भरला तर काय

पूल कधीतरी भरणार, म्हणजे भरणं ही चूक नाही, ती एक ठरलेली अवस्था आहे आणि तिचं उत्तर डिझाइनमध्येच असलं पाहिजे. एज जोडणाऱ्या फंक्शनने यश की अपयश ते परत द्यावं आणि बोलावणाऱ्याने ते वाचावं. पुढे काय करायचं हे कामावर ठरतं: मेशमध्ये सगळ्यात कमजोर लिंक काढून नवी घेता येते, ट्रॉलीच्या नकाशात मात्र भरणं म्हणजे नकाशाच चुकीचा, तिथे चालूच होऊ नये. सोबत आतापर्यंत एका वेळी जास्तीत जास्त किती जागा वापरल्या गेल्या याचा एक बाइटचा काउंटर ठेवा. काही आठवडे प्रत्यक्ष वापर झाला की तो सांगेल १२० ची मर्यादा बरोबर होती की ७० मध्ये भागलं असतं.

यादीवर चालणाऱ्या प्रत्येक लूपला एजच्या कमाल संख्येची मर्यादा घाला, होल्झमनच्या दहा नियमांतला दुसरा. एखादा बिट बिघडून यादीचं वर्तुळ झालं तर बोर्ड अडकून वॉचडॉगने (अडकलेला बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट होण्यापेक्षा लूप १२० पावलांनंतर थांबून "ग्राफ बिघडलाय" असं सांगेल. आणि एक तपासणी फंक्शन लिहा: वापरातल्या एज अधिक मोकळ्या एज मिळून १२० होतात का, प्रत्येक एजची जोडीदार खरंच मूळ नोडकडे येते का, कुठला इंडेक्स मर्यादेबाहेर आहे का. हाच ग्राफचा कोड, हार्डवेअरचा एकही हेडर न घेता, पीसीवर कंपाइल होईल असा ठेवा आणि तिथे रँडम जोडणं-काढणं लाखो वेळा चालवा, प्रत्येक वेळी ही तपासणी बोलावून. मर्यादा मुद्दाम ३ नोड आणि २ जोड्या एवढ्या लहान करून पण चालवा, कारण भरण्याचे आणि रिकामं होण्याचे कोपरे तिथेच पटापट येतात.

सी सोडून दुसरं वापरत असाल तरी विचार हाच. सी++ मध्ये टेम्प्लेटला नोड आणि एजची संख्या द्या आणि आत एसटीडी अ‍ॅरे वापरा, किंवा एम्बेडेड टेम्प्लेट लायब्ररी घ्या, तिचे कंटेनर ठरलेल्या आकाराचेच असतात. रस्टमध्ये कॉन्स्ट जेनेरिक (आकार टाइपमध्येच देण्याची सोय) १.५१ पासून स्टेबल आहेत आणि हीपलेस नावाच्या क्रेटमध्ये (लायब्ररीत) ठरलेल्या आकाराचे व्हेक, क्यू, मॅप तयार मिळतात. भरल्यावर त्यांचा पुश एरर परत देतो आणि तो तसाच सोडून दिला तर कंपाइलर वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग अनरॅप लावून गप्प करू नका, कारण मग पूल भरला त्या क्षणी बोर्ड पॅनिक होतो, आणि नवव्या पायरीत ठरवलेलं उत्तर लिहायची जागा नेमकी तीच आहे.